नभोवाणी-केंद्रांचीं संकेताक्षरें

यवतमाळ जिल्ह्यांतील नेर हें गांव यवतमाळ-अमरावती रस्त्यावर आहे. कागदोपत्रीं व लोकांच्या बोलण्यांत त्याचा उल्लेख पुष्कळदां 'नेर परसोपंत' असा होतो. नुसतें नेर म्हणून भागत नाहीं. कारण शेजारच्याच अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांत, दुसरें नेर आहे आणि पिंगळाई देवीच्या स्थानामुळें त्याला 'नेर पिंगळाई' म्हणतात. तिसरें नेर खानदेशांत धुळें जिल्ह्यांत आहे. टपालांत टाकलेलें पत्र भलत्याच नेरला जाऊं नये म्हणून पत्त्यावर एक शब्द अधिक लिहावा लागतो. नांव एक आणि गांवें अनेक, ही अडचण जमिनीवर जितकी जुनी आहे, तितकीच ती आकाशमार्गानें जाणाऱ्या संदेशांच्या वांट्यालाही पहिल्या दिवसापासून आलेली आहे. त्या अडचणीवर जो उपाय निघाला त्याला इंग्रजींत कॉल साइन म्हणतात. मराठींत त्याला संकेताक्षरें म्हणतां येईल. व्ही यू बी म्हणजे मुंबई, व्ही यू डी म्हणजे दिल्ली, हीं अक्षरें एके काळीं रेडिओ ऐकणाऱ्या घराघरांत पाठ असत. तीं कोणी ठरविलीं, कशीं ठरविलीं, आणि त्यांत हिंदुस्थानच्या मताला कितपत जागा होती, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण नुसता मनोरंजक नाहीं.

तारायंत्रांत संदेश तारेवरून जातो. तार ज्या कचेरींत पोंचते त्याच कचेरींत संदेश पोंचतो. बिनतारी संदेशाचें तसें नाहीं. तो चारी दिशांना पसरतो. ज्याच्यापाशीं यंत्र असेल त्या प्रत्येकाला तो ऐकूं येतो. आणि बोलणारा कोण, हें त्यानें स्वतः सांगितल्यावांचून कळण्यास दुसरा मार्ग नसतो. म्हणून संदेशाच्या आरंभींच आपलें नांव सांगणें भाग पडलें. त्या काळीं बोलणें नव्हतें, मॉर्स लिपीचीं टिंबें आणि रेघा होत्या. लांबलचक नांव एकेका अक्षरानें ठोकीत बसण्यापेक्षां दोन-तीन अक्षरांची खूण बरी, हें उघडच होतें. संकेताक्षरांचा जन्म असा काटकसरींतून झाला.

आरंभीं या बाबतींत कोणाचाच धरबंध नव्हता. ज्याला जीं अक्षरें सुचलीं तीं त्यानें घेतलीं. मार्कोनीच्या कंपनीचीं यंत्रें ज्या जहाजांवर होतीं त्या जहाजांच्या अक्षरांमागें कंपनीनें आपल्या नांवाचा 'एम' जोडला. १९१२ च्या एप्रिल महिन्यांत बुडालेल्या टायटॅनिक जहाजाचीं अक्षरें 'एम जी वाय' होतीं, व त्याच्या साहाय्यास धांवलेल्या कार्पेथियाचीं 'एम पी ए'. म्हणजे जहाज कोणत्या राष्ट्राचें आहे, हें त्या अक्षरांवरून कळत नसे. यंत्र कोणत्या कंपनीचें आहे, एवढें मात्र कळे. १९०६ सालीं बर्लिन येथें राष्ट्रांची पहिली मोठी बिनतारी परिषद भरली; तिनें प्रत्येक ठाण्याला तीन अक्षरांची, इतरांहून वेगळी, खूण असावी असा नियम केला. परंतु कोणत्या देशानें कोणतीं अक्षरें घ्यावीं, याची वांटणी झाली ती १९१२ च्या लंडन येथील परिषदेनंतर. त्या परिषदेचा करार ५ जुलै १९१२ रोजीं झाला आणि १ जुलै १९१३ पासून अमलांत आला.

ही वांटणी म्हणजे रोमन मुळाक्षरांची जमीनमोजणीच होती. ब्रिटनला 'बी', 'जी' आणि 'एम' हीं अक्षरें सबंध मिळालीं. ब्रिटिश साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांसाठीं 'व्ही' या अक्षराचे तुकडे पाडण्यांत आले. त्याचा आरंभीचा भाग कॅनडाला, पुढचा ऑस्ट्रेलियाला, मग न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, न्यूफाउंडलंड, मग इतर वसाहती, असें करीत करीत 'व्ही टी ए' पासून 'व्ही डब्ल्यू झेड' पर्यंतचा तुकडा हिंदुस्थानच्या वांट्याला आला. व्ही टी, व्ही यू, व्ही व्ही आणि व्ही डब्ल्यू अशा या चार ओळी. प्रत्येक ओळींत सव्वीस, म्हणजे तीन अक्षरांचीं एकूण १०४ नांवें. एवढ्या विस्तीर्ण देशाला एवढाच खण. पण त्या वेळीं बिनतारी ठाणीं मुख्यतः बंदरांवर व लष्करांत असत, त्यामुळें तो अपुरा आहे असें कोणास वाटलें नाहीं. समुद्रावरील जहाजांशीं बोलणाऱ्या मुंबईच्या ठाण्याला 'व्ही डब्ल्यू बी', कलकत्त्याच्या ठाण्याला 'व्ही डब्ल्यू सी' आणि मद्रासच्या ठाण्याला 'व्ही डब्ल्यू एम' अशीं नांवें मिळालीं. शेवटचें अक्षर गांवाच्या नांवाचें पहिलें अक्षर, ही साधी रीत येथेंच दिसते. पुढें नभोवाणीनेंही तीच उचलली.

पहिलें महायुद्ध संपल्यावर बिनतारी यंत्र बोलूं लागलें, गाऊं लागलें. अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या पश्चिमेच्या केंद्रांना 'के' आणि पूर्वेच्या केंद्रांना 'डब्ल्यू' हें पहिलें अक्षर देण्याची रीत पडली. पिट्सबर्गचें 'के डी के ए' हें १९२० सालचें प्रसिद्ध केंद्र मात्र पूर्वेस असूनही 'के' घेऊन राहिलें. पुढचीं अक्षरें मालकाला मागून घेतां येत. तेव्हां तेथील व्यापाऱ्यांनीं त्यांतून आपली जाहिरात साधली. शिकागोच्या ज्या वर्तमानपत्रानें आपणास जगांतील सर्वश्रेष्ठ वर्तमानपत्र म्हणवून घेतलें, त्यानें त्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून 'डब्ल्यू जी एन' हें नांव घेतलें. जगांतील सर्वांत मोठें दुकान म्हणविणाऱ्या सीअर्स पेढीचें केंद्र 'डब्ल्यू एल एस' झालें; नॅशव्हिल येथील विमा कंपनीनें लाखोंचें रक्षण करण्याचें आपलें ब्रीद 'डब्ल्यू एस एम' या तीन अक्षरांत बसविलें. ब्रिटनची तऱ्हा निराळी. तेथें सरकारी परवान्यावर एक आंकडा व दोन अक्षरें असत. लंडनचें केंद्र १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं सुरू झालें तें '२ एल ओ' या नांवानें; बर्मिंगहॅमचें '५ आय टी' आणि मँचेस्टरचें '२ झेड वाय'. या नांवांत राष्ट्राची खूण कोठेंच नव्हती.

हिंदुस्थानांत नभोवाणी आली ती या ब्रिटिश वळणानें. १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांत बंगालमध्यें अमरेंद्रचंद्र गुप्तु यांचें हौशी ठाणें '२ जे के' आणि मुकुल बोस यांचें '२ एच क्यू' या नांवानें ओळखलें जाई. मुंबईस ऑगस्ट १९२१ मध्यें टाइम्स ऑफ इंडिया पत्र व टपाल-तार खातें यांनीं मिळून गाण्याचा एक कार्यक्रम क्षेपित केला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास ऐकला. १९२३ च्या जूनमध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबानें आपले कार्यक्रम सुरू केले, त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या क्लबानें, आणि १९२४ च्या जुलैमध्यें मद्रासच्या क्लबानें. हे सगळे हौसेचे प्रयत्न. पद्धतशीर धंदा म्हणून आरंभ झाला तो इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीकडून. तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड अर्विन यांनीं केलें. कलकत्त्याचें केंद्र २६ ऑगस्ट रोजीं सुरू झालें. मुंबई केंद्राचें नांव '७ बी वाय' आणि कलकत्त्याचें '७ सी ए'. आंकड्यामागील बी आणि सी हीं बाँबे व कॅलकटा या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें होत. लंडनच्या २ एल ओ शीं या नांवांचा सांचा जुळतो, हें सहज दिसतें.

परंतु आंकड्याच्या या पद्धतींत एक मोठें व्यंग होतें, आणि तें उघडकीस आणलें हौशी लोकांनीं. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर नांवाच्या विद्यार्थ्यानें '२ एस झेड' या आपल्या शाळेच्या ठाण्यावरून न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्याशीं संभाषण केलें. बेल यांचें ठाणें '४ ए ए'. पृथ्वीच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाशीं झालेलें हें पहिलें उभयपक्षीं बिनतारी संभाषण. संदेश इतक्या दूर जाऊं लागल्यावर '२ एस झेड' कोणत्या देशांतला, हा प्रश्न उभा राहिला. कारण तीच खूण दुसऱ्या देशांतही असूं शके. हौशी मंडळींनीं आपसांत ठरवून पुढें देशाचें एकेक अक्षर लावण्यास आरंभ केला, पण त्याला कायद्याचा आधार नव्हता. येथें सांगण्यासारखें असें कीं, शाळकरी वयांत ज्यानें हें संभाषण केलें तोच गॉयडर १९३६ सालीं हिंदुस्थानांत येऊन नभोवाणीचा मुख्य अभियंता झाला, आणि या देशांतील लघुलहरी केंद्रांची मांडणी त्याच्याच देखरेखीखालीं झाली.

राष्ट्राची खूण सक्तीची केली ती १९२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेनें. तिचे नियम १ जानेवारी १९२९ पासून लागू झाले. त्यांत हिंदुस्थानचा 'व्ही टी ए' ते 'व्ही डब्ल्यू झेड' हा खण कायम राहिला, आणि त्या खणांतून कोणाला किती अक्षरांचें नांव द्यावें याचेंही कोष्टक ठरलें. जमिनीवरील ठाण्याला तीन अक्षरें, जहाजाला चार, विमानाला पांच. हौशी ठाण्याला देशाचीं अक्षरें, मग एक आंकडा, मग त्याचीं स्वतःचीं अक्षरें. विमानांवर रंगविलेलीं अक्षरें याच कोष्टकांतून आलीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें त्या लहानशा पस मॉथ विमानावर 'व्ही टी-ए डी एन' अशीं पांच अक्षरें होतीं. मुंबईचें नभोवाणी केंद्र आणि टाटांचें विमान हीं अक्षरांच्या नात्यानें एकाच घरचीं भावंडें होत.

नभोवाणी केंद्रांकडे 'व्ही यू' ही ओळ आली. '७ बी वाय' चें 'व्ही यू बी' झालें आणि '७ सी ए' चें 'व्ही यू सी'. मॉर्स लिपींत व्ही म्हणजे तीन टिंबें व एक रेघ, यू म्हणजे दोन टिंबें व एक रेघ. ऐकणाऱ्याच्या कानाला ही जोडी सहज ओळखूं येणारी आहे. नांव बदललें तरी नशीब मात्र फारसें बदललें नाहीं. कंपनीचें अधिकृत भांडवल पंधरा लाखांचें, उभे राहिले सहा लाख. परवान्याची फी वर्षास दहा रुपये, त्यांतील आठ कंपनीला मिळत. पण परवाने काढणारेच थोडे. केंद्रांची शक्ति दीड किलोवॅट, आणि चांगलें ऐकूं येण्याचें क्षेत्र शहराभोंवतीं तीसेक मैलांचें. १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें. १ एप्रिलपासून सरकारनें केंद्रें आपल्याकडे घेतलीं. १९३१ च्या ऑक्टोबरांत तीं बंद करण्याचाही निर्णय जाहीर झाला. लोकांनीं ओरड केली, तेव्हां पुढच्याच महिन्यांत तो फिरविण्यांत आला. संकेताक्षरें मिळाल्यावर दोनच वर्षांत व्ही यू बी आणि व्ही यू सी हीं नांवें आकाशांतून कायमचीं पुसलीं जाण्याची वेळ येऊन गेली होती.

१९३५ च्या ऑगस्टअखेर लायनेल फील्डेन हे बी. बी. सी. चे अधिकारी नभोवाणीचे नियंत्रक म्हणून आले. १ जानेवारी १९३६ रोजीं दिल्ली केंद्र 'व्ही यू डी' सुरू झालें. खात्याचें नांव तेव्हां इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असें होतें. फील्डेन यांना तें जड व सरकारी वाटे. नवें नांव कसें ठरलें याची हकीकत त्यांनीं आत्मचरित्रांत दिली आहे. एका मेजवानीच्या प्रसंगीं त्यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांठलें, जुन्या नांवाबद्दलची आपली अडचण त्यांच्यापुढें मांडली, आणि बोलतां बोलतां व्हाइसरॉयांच्याच तोंडून ऑल इंडिया रेडिओ हें नांव निघेल अशी योजना केली. आद्याक्षरांचा 'एअर', म्हणजे हवा, असा इंग्रजी शब्द होतो, ही मौज फील्डेन यांनीं अगोदरच हेरून ठेवली होती. ८ जून १९३६ पासून तें नांव अमलांत आलें.

यानंतरच्या चार वर्षांत केंद्रें भराभर निघालीं आणि अक्षरांची ओढाताण सुरू झाली. पेशावरचें केंद्र १ एप्रिल १९३७ रोजीं ऑल इंडिया रेडिओकडे आलें. त्याला पी मिळाला, व्ही यू पी. १६ डिसेंबर १९३७ रोजीं लाहोर सुरू झालें. त्यानें एल घेतला, व्ही यू एल. साडेतीन महिन्यांनीं, २ एप्रिल १९३८ रोजीं, लखनौ सुरू झालें. इंग्रजींत त्याचेंही पहिलें अक्षर एल. पण एल लाहोरनें आधींच घेतलेला. तेव्हां लखनौला 'व्ही यू डब्ल्यू' हें नांव मिळालें. डब्ल्यू हें लखनौच्या इंग्रजी स्पेलिंगचें शेवटचें अक्षर आहे; पहिल्या अक्षराला जागा नाहीं म्हणून शेवटचें! त्याच वर्षीं १६ जूनला मद्रास सुरू झालें, व्ही यू एम. १६ मे १९३९ रोजीं त्रिचनापल्ली, व्ही यू टी. आणि १६ डिसेंबर १९३९ रोजीं ढाका. ढाक्याचा डी दिल्लीनें घेतलेला असल्यामुळें ढाक्याला 'व्ही यू वाय' मिळालें, आणि त्या अक्षराचा तर ढाक्याच्या नांवाशीं कांहींच संबंध नाहीं. दोन नेरांपैकीं एकाला 'परसोपंत' आणि दुसऱ्याला 'पिंगळाई' म्हणून आपली ओळख राखावी लागली, त्याचाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, गांवांना जोडनांवें लोकांनीं दिलीं, केंद्रांना अक्षरें कोष्टकानें दिलीं.

या सर्व यादींत वऱ्हाडाचें किंवा नागपूरचें एकही अक्षर नव्हतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नेरपासून मुंबई सरळ रेघेनें साडेतीनशें मैलांच्या आसपास. मुंबईच्या मध्यमलहरी केंद्राचा आवाज तेथवर धडपणें पोंचण्याची आशा दिवसा तरी नव्हती. ही उणीव लघुलहरींनीं कांहीं अंशीं भरून काढली. ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं मुंबईचें लघुलहरी केंद्र सुरू झालें. त्याला निराळें अक्षर न देतां जुन्याच नांवापुढें आंकडा जोडला, 'व्ही यू बी २'. दिल्लीचीं 'व्ही यू डी २' व 'व्ही यू डी ३', कलकत्त्याचें 'व्ही यू सी २', मद्रासचें 'व्ही यू एम २' हीं त्याच रीतीनें झालीं. शहराभोंवतालच्या श्रोत्याला नुसतें व्ही यू बी, आणि दूरच्या मुलखांतील श्रोत्याला व्ही यू बी २, अशी ही विभागणी होती. वऱ्हाडांत ज्या थोड्या घरांत रेडिओचा संच होता त्यांना मराठी शब्द ऐकावयाचा तर त्या 'दोन'चाच आधार मोठा होता.

अक्षरें सरकारनें दिलीं, पण नांवें लोकांनींही ठेवलीं, याचीं दोन उदाहरणें येथें दिलीं पाहिजेत. पहिलें म्हैसूरचें. तेथें मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं १९३५ च्या सप्टेंबरांत आपल्या घरीं एक लहानसें केंद्र सुरू केलें. त्याचीं अक्षरें 'व्ही यू ६ ए एच' अशीं, म्हणजे हौशी ठाण्याच्या सांच्याचीं होतीं. पण म्हैसूरच्या लोकांना तें केंद्र आठवतें तें 'आकाशवाणी' या नांवानें. त्या आंकड्याची आठवण आज थोड्यांनाच आहे. संस्कृत शब्द मात्र पुढें सबंध देशाचा झाला. म्हैसूरचें केंद्र १ एप्रिल १९५० रोजीं ऑल इंडिया रेडिओंत सामील झालें, आणि १९५७ पासून आकाशवाणी हें नांव सबंध देशाच्या नभोवाणीनें घेतलें.

दुसरें उदाहरण मुंबईचें, आणि तें अधिक धैर्याचें आहे. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू होतांच हौशी मंडळींचें प्रक्षेपण सरकारनें बंद केलें होतें. १९४२ च्या ऑगस्टांत 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांवर बंधनें आलीं. त्या महिन्याच्या २७ तारखेस मुंबईंतून काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी हें केंद्र चालवीत, डॉ. राममनोहर लोहिया यांचें त्यास मार्गदर्शन असे; सामग्रीसाठीं शिकागो रेडिओ या पेढीच्या नानक मोटवाणी यांचें साहाय्य झालें. या केंद्राला संकेताक्षरें नव्हतीं, असणें शक्यच नव्हतें. संकेताक्षरें परवान्याबरोबर येतात, आणि परवाना ज्यानें द्यावयाचा त्याच्याच विरुद्ध हा आवाज होता. केंद्र आपलें नांव सांगे, ४२.३४ मीटर ही आपली लहर सांगे, आणि स्थळ सांगतांना हिंदुस्थानांतील कोठून तरी, एवढेंच सांगे. लहर सांगणें भाग होतें, नाहींतर श्रोत्यानें शोधावें कोठें? स्थळ लपविणें भाग होतें, नाहींतर पोलिसांना शोधण्याचे श्रमच पडले नसते. जागा वारंवार बदलून हें काम चाललें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं गिरगांवांत छापा घातला आणि केंद्र बंद पडलें. बाबूभाई खाखर यांना पांच वर्षांची व उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. तीन महिन्यांहूनही कमी काळ टिकलेलें हें निनांवी केंद्र परवानाधारक केंद्रांच्या कोणत्याही यादींत सांपडणार नाहीं. पण आपण कोण हें स्वतःच्या तोंडानें सांगण्याचा हक्क किती मोलाचा असतो, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणत्याच केंद्रानें दाखविलें नाहीं.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं ऑल इंडिया रेडिओच्या नऊ केंद्रांची वांटणी झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, त्रिचनापल्ली व लखनौ हीं सहा भारतांत राहिलीं. लाहोर, पेशावर व ढाका हीं तीन पाकिस्तानांत गेलीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत अटलांटिक सिटी येथें भरलेल्या परिषदेंत पाकिस्तानला 'ए पी ए' ते 'ए एस झेड' हा नवा खण मिळाला, आणि भारताला जुन्या खणाशिवाय 'ए टी ए' ते 'ए डब्ल्यू झेड' हा आणखी एक. दहा वर्षांपूर्वीं ज्या एल अक्षरासाठीं लाहोर व लखनौ यांना एकमेकांना वाट द्यावी लागली होती, त्या एलचा भारतांत आतां कोणी धनी उरला नव्हता. कोष्टकाच्या दृष्टीनें ही एक रिकामी जागा झाली. ज्यांचीं घरें त्या गांवांत होतीं त्यांच्या दृष्टीनें ती काय होती, हें सांगण्याचें सामर्थ्य कोणत्याच कोष्टकांत नसतें.

यानंतर वऱ्हाडाची पाळी आली. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र सुरू झालें. नेरपासून तें सरळ रेघेनें शंभर मैलांच्या आंत. मध्यप्रांत-वऱ्हाड हा मराठी व हिंदी अशा दोन भाषांचा प्रांत असल्यामुळें केंद्रालाही दोन्ही भाषा संभाळाव्या लागल्या. यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांना जवळचें म्हणतां येईल असें हें पहिलेंच केंद्र. कापसाचे भाव, पावसाचा अंदाज आणि आपल्याच बाजूच्या गायकांचें गाणें ऐकावयास मुंबईच्या लघुलहरींवर आतां विसंबण्याचें कारण राहिलें नाहीं. नागपूर म्हटलें कीं श्रोत्याला पुरे होई. अक्षरें उच्चारण्याची गरज केंद्राला राहिली नव्हती.

व्ही टी व व्ही यू या अक्षरांविषयीं एक समजूत फार पसरलेली आहे, ती येथें तपासून पाहिली पाहिजे. व्ही टी म्हणजे 'व्हाइसरॉयचा मुलूख' या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें, म्हणून तीं गुलामगिरीची खूण होत, असें पुष्कळ सुशिक्षितही म्हणतात. अक्षरें बदलावीं अशी मागणी संसदेंतही झालेली आहे. परंतु वांटणीचा क्रम पाहिला तर हा अर्थ टिकत नाहीं. व्ही टी ही त्या खणाची नुसती पहिली ओळ. तिच्या अगोदरच्या ओळी दुसऱ्या वसाहतींना दिल्या होत्या, म्हणून हिंदुस्थानची पाळी टी पासून आली, इतकेंच. कॅनडा व ऑस्ट्रेलिया हे देश आजही व्ही हेंच अक्षर वापरतात. मागणीमागील भावना मात्र खोटी म्हणतां येणार नाहीं. शब्दांचा अर्थ काल्पनिक असला, तरी वांटणी करणाऱ्यांनीं एका साम्राज्याच्या अनेक भागांना एका अक्षराच्या दावणीस बांधलें होतें, ही गोष्ट काल्पनिक नाहीं. अडचण अशी कीं, बदलून घ्यावयाचें काय? इंडियाचा आय इटलीकडे आहे, भारताचा बी चीनकडे आहे. जगाची वांटणी झाल्यावर उशिरां आलेल्याला हवी ती जागा मिळत नाहीं. लखनौला एल मिळाला नाहीं, तसेंच हें.

आज आकाशवाणीचीं केंद्रें चारशेंहून अधिक झालीं आहेत. व्ही यू च्या सव्वीस अक्षरांत तीं मावणें शक्य नाहीं, आणि मावावीं अशी कोणाची अपेक्षाही नाहीं. केंद्रें आपल्या गांवाच्या नांवानें ओळखलीं जातात. यवतमाळलाही आतां आकाशवाणीचें केंद्र आहे, आणि त्याच्या निवेदकाला यवतमाळ एवढा शब्द पुरतो. १९३६ सालीं व्हाइसरॉयांकडून वदवून घेतलेलें ऑल इंडिया रेडिओ हें इंग्रजी नांवही मागें पडलें असून, २०२३ च्या मे महिन्यापासून सर्वत्र आकाशवाणी हेंच नांव वापरावें असा आदेश निघालेला आहे. व्ही यू हीं अक्षरें जिवंत राहिलीं आहेत तीं हौशी मंडळींपाशीं. व्ही यू २ किंवा व्ही यू ३ यांनीं आरंभ होणारीं नांवें घेऊन तीं आजही देशोदेशींच्या लोकांशीं बोलतात, आणि पूर, भूकंप, वादळ यांत तारा व टेलिफोन बंद पडले म्हणजे गांवांची खबर बाहेर पोंचवितात. अशा प्रसंगीं पलीकडच्या माणसाला व्ही यू ऐकल्याबरोबर एवढें कळतें कीं, हा आवाज भारतांतून येत आहे.

जुन्या रेडिओ-संचांच्या कांचेवर गांवांचीं नांवें छापलेलीं असत. असा एखादा संच कोणाच्या माळ्यावर असला, तर त्याच्या कांचेवर मुंबई व दिल्ली यांच्या जोडीला लाहोर आणि ढाकाही कदाचित् वाचावयास मिळेल. तो संच टाकून देण्यापूर्वीं घरांतील मुलांना तीं नांवें एकदां दाखवावीं, आणि लखनौला डब्ल्यू कां मिळाला हें त्यांना विचारावें. उत्तर शोधतां शोधतां या देशाचा पंचवीस वर्षांचा इतिहास त्यांच्या हातीं लागेल.